वरचा आकडा

सकाळी सलाइनमधून दिलेल्या वेदनाशामकानं श्यामरावांची कळ थांबवली, पण ब्लडप्रेशरही खाली ओढलं. आता दुपारी ते पुन्हा तळमळत होते आणि वरचा आकडा नव्वदवर आल्याशिवाय दुसरा डोस देणार नाही, असं नर्स बजावून गेली होती. मॉनिटर ब्याऐंशीवर अडला होता. नवऱ्याचं प्रेशर चढू नये म्हणून प्रेमलताबाईंनी तीस वर्षं घरात लोणचं केलं नव्हतं आणि एका विषयावर तोंड उघडलं नव्हतं. तो आज त्यांनी मुद्दाम उकरून काढला. “भुसावळची बदली आली होती, पण कोलकात्यातली खुर्ची तुम्हाला काही सुटली नाही.” श्यामरावांच्या कपाळावर आठी चढली. पंच्याऐंशी. “माझी आई तिकडे माझी वाट बघत गेली.” एकोणनव्वद. श्यामरावांनी चाचपडत बायकोचा हात धरला. “चुकलंच माझं,” ते म्हणाले. कपाळावरची आठी विरली आणि आकडा खाली घसरू लागला.