सतरा मिनिटांचं मौन

"त्या सतरा मिनिटांत तू कसला एवढा विचार करतेस गं?" मॅडमनी लाडात विचारलं.

"विचार? तेव्हा मी घरातच नसते, मॅडम," भिंगरी म्हणाली.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मुलं आपला अभ्यास आपणच कशी सांभाळतात, यावर त्यांची सहा वर्षं पीएचडी चालली होती. त्यासाठी सॉफ्टवेअरही त्यांनीच बनवलेलं. मुलं घरी धडा वाचत असताना मध्येच पिवळी चौकट यायची आणि मूल किती वेळ थांबतं ते मोजायची. आख्खा वर्ग पंधरा-वीस मिनिटं गप्प! वर मार्कही वाढलेले. मॅडमनी 'मौन-चिंतन' नावाचं जाडजूड प्रकरण लिहून टाकलं. त्यात भिंगरी म्हणजे साक्षात ऋषी. प्रबंध उद्या द्यायचा होता.

"मग असतेस कुठे?"

"शेजारच्या काकूंकडे. त्या नर्स आहेत ना, हृदयाचा धडा त्यांनीच समजावला. गिअरचं गणित सायकलवाल्या दादाने. आणि आमच्या वर्गातला ढोल्या आरशाचा धडा विचारायला न्हाव्याकडे गेला. न्हावी असा रंगला, की गिऱ्हाईक अर्ध्या मिशीवर घरी गेलं."

"अगं, पण असं दारोदार हिंडायला सांगितलं कोणी?"

"तुम्हीच की!"

भिंगरीने चौकट उघडून दाखवली. 'काय समजलं नाही? स्वतः विचारा.'

मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली. 'स्वतःला विचारा' असं लिहायचं होतं. टाईप करताना 'ला' त्यांनीच खाल्ला होता.

त्या तशाच आपल्या गाइडच्या खोलीत धडकल्या. निवृत्तीला टेकलेले सर एकटेच पेन्सिलीला टोक काढत बसले होते. सगळं ऐकून ते इतके हसले, की चष्मा नाकावरून घसरला.

"सर, हसू नका ना! प्रकरण फाडू? 'ला' घालू? मला काही म्हणजे काही कळत नाहीये."

"प्रकरण फाड. मुदत मी वाढवून आणतो. 'ला'ला मात्र हात लावू नकोस."

सरांनी समोरच्या खुर्चीवरची धूळ रुमालाने झटकली.

"बस. सहा वर्षांत आज पहिल्यांदा मला काही विचारायला आलीस."