मालकिणीकडे

“शिट्टी सोडून काहीही घे,” आई म्हणाली.

भिंगरीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जेवणाच्या टेबलावर तिने सगळा बाजार मांडला होता. रबरी कासव, वाघाच्या तोंडाचं बटण, काचेची गोटी, लाकडी भोवरा. गोटी आईने केव्हाच बाजूला सारली होती. कुणा चिमुरड्याच्या घशात गेली म्हणजे? भोवऱ्याची आर टोकदार. बटण कुणाच्या नजरेत भरेना आणि कासव भिंगरीलाच सोडवेना.

छंद बाबांचा. लोक कुठे पुलाखाली, कुठे झाडाच्या ढोलीत डबे लपवतात, आणि बाकीचे फोनवरच्या नकाशावरून ते हुडकत फिरतात. या खेपेला बाबांनी नंबर कोरलेली एक धातूची पट्टी आणली होती. ती एखाद्या वस्तूला अडकवून डब्यात ठेवायची. ज्याला सापडेल तो वस्तू पुढच्या डब्यात नेतो आणि नंबर टाकून तसं कळवतो. वस्तू गावोगाव भटकते, आपल्याला घरबसल्या तिचा ठावठिकाणा कळत राहतो.

“तुझ्या आईच्या हाती अशा डझनभर पट्ट्या लागल्या, तर पहिली माझ्या गळ्यात,” बाबा म्हणाले.

“दुसरी. पहिली माझ्या,” भिंगरी म्हणाली.

आई हसली नाही. तिच्या मनात नेमकं तेच आलं होतं.

भिंगरीने ड्रॉवर उघडला आणि शिट्टी आणून टेबलाच्या मधोमध ठेवली. पोलादी, लाल दोरीची. डब्यात मावणारी, भिजली तरी न बिघडणारी, पडली तरी न फुटणारी. बाबांच्या तिन्ही अटींत चपखल बसणारी.

पाच वर्षांपूर्वी, तीन वर्षांची भिंगरी बसस्थानकावर हरवली होती. आईने तिकीट काढायला हात सोडला, तेवढंच निमित्त. अकरा मिनिटं. बाकडी झाली, रांगा झाल्या, पाणपोईची मागची बाजू झाली. मग कुठून तरी शिट्टी ऐकू आली. वेडीवाकडी, दम न पुरणारी. आई आवाजाच्या रोखाने धावली. बस मागे घेताना शिट्टी मारून चालकाला वाट दाखवते ती गणवेशातली बाई उकिडवी बसली होती आणि तिच्यासमोर भिंगरी गाल फुगवून फुंकत होती. आईला एवढंच दिसलं, की लेकीच्या खांद्यावर परका हात आहे.

“हात काढा! पोरं पळवता?”

अख्खं स्थानक वळून बघायला लागलं. आईने लेकीला उचललं आणि तरातरा निघाली. मागून ती बाई काहीतरी म्हणाली. पण शेजारची बस तेवढ्यात सुरू झाली, आणि शब्द घरघरीत बुडाले.

घरी आल्यावर भिंगरीची मूठ उघडली, तर आत शिट्टी.

“मावशी म्हणाली, फुंक. आई येते.”

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ती स्थानकाच्या फाटकापर्यंत गेली आणि परत फिरली. कोणत्या तोंडाने जायचं? पंधरा दिवसांनी धीर करून आत शिरली, तर ती बाई कुणाच्या तरी बदलीवर आलेली होती, काम संपवून गेलीही होती. नाव कुणाला धड आठवेना. तेव्हापासून शिट्टी ड्रॉवरमध्ये. चमचा काढायला ड्रॉवर उघडावा, आणि तेच मनात यावं. काय म्हणाली असेल ती मागून? शिवी दिली असेल? की नुसतं ‘बाई, माझी शिट्टी’?

“ती आपली नाही, भिंगरे,” आई म्हणाली. “आपली नसलेली वस्तू अशी पाठवून द्यायची नसते.”

“आपली नाही म्हणूनच तर पाठवायची! इथे चमच्यांत बसून ती मावशीकडे कशी जाणार? चालत?”

 बाबांनी फोन आईपुढे सरकवला. वस्तूला कुठे जायचंय, अशी एक चौकट भरायची होती. आईने पाच ओळी लिहिल्या, पाचही खोडल्या. शेवटी एकच शब्द राहिला: ‘मालकिणीकडे.’

शिट्टी निघाली. एका सायकलवाल्याने ती तळ्याकाठी नेली, तिथून कुणा आजी-आजोबांनी टेकडीवर. आई रोज सकाळी गॅसचं बटण दोनदा तपासायची, तशी शिट्टीचीही खबर घ्यायची. मग चार महिने काहीच नाही. “पडली असेल कुठल्या तरी खबदाडीत,” बाबा म्हणाले. आईने मान हलवली, पण खबर घेणं सोडलं नाही.

आणि एका सकाळी निरोप आला.

‘मालकीणबाई, नमस्कार. रानवाटेवर माझी धाकटी लेक मागे राहिली आणि चुकली. लेकीने नंतर सांगितलं, एका गृहस्थांना नुकतीच तिथल्या डब्यात तुमची शिट्टी मिळाली होती. त्यांनी ती लेकीच्या हातात दिली, वाजवत राहा म्हणाले. आवाजावरून आम्ही पोचलो. मी घाबरलेली होते. लेकीजवळ अनोळखी माणूस बघून त्यांना नाही नाही ते बोलले. ते बिचारे मान खाली घालून निघून गेले. त्यांना कुठे शोधू कळत नाही, म्हणून पट्टीवरच्या नंबरावरून तुम्हाला लिहितेय. शिट्टी लेक हातातून सोडत नाही. रागावू नका. तुमचे उपकार कसे फेडू?’

आईने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं पुसट झाली. ‘मी मालकीण नाही,’ असं तिने लिहायला घेतलं आणि ती थांबली. ज्या बाईने विचारलं होतं, तिला उत्तर मालकिणीचंच हवं होतं.

मग फार विचार करावा लागला नाही.

‘अहो, लेक सापडली ना? मग झालं तर.’

तिने निरोप पाठवला, आणि बसच्या घरघरीत बुडालेलं ते वाक्य तिला पाच वर्षांनी पहिल्यांदा ऐकू आलं.