कुणालाही न दुखावणारा शब्द

फळ्यावरचा ‘नागरिक वैज्ञानिक’ सल्लागारबाईंनी एका फटक्यात पुसला. “शहरात राहणारे सगळेच काही नागरिक नसतात. ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत, त्यांना हा शब्द दाराबाहेर ठेवतो,” त्या म्हणाल्या, आणि टेबलाभोवतीच्या माना डोलल्या. त्याआधी ‘स्वयंसेवक’ गेला होता, कारण त्याला फुकट राबवून घेतल्याचा वास येत होता. ‘सहभागी’ फारच मिळमिळीत ठरला होता.

पार्लरवालीला हे सगळं पटत होतं. ही संस्था शहरातली हवा मोजत होती, आणि त्यासाठी घराघरांत लोकांनी डब्या बसवून घेतल्या होत्या. त्या लोकांना काय म्हणायचं हे ठरवताना त्यांच्यातलं कुणीतरी हवं, म्हणून तिला बोलावलं होतं. अर्धा दिवस दुकान बंद ठेवून, ठेवणीतले कपडे घालून ती आली होती. आपल्याला काय म्हणावं यासाठी एवढी शिकलेली माणसं डोकं खाजवताहेत, याचं तिला खरंच बरं वाटत होतं. बिस्किटंही चांगली होती.

“ताई, तुम्ही मोकळेपणानं बोला हं,” प्राध्यापकबाई म्हणाल्या. अभ्यास त्यांचाच होता. “तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल?”

“काहीही म्हणा मॅडम. आमची गिऱ्हाईकं तर ‘अगं ए’ म्हणतात.”

सगळे हसले. प्राध्यापकबाईंनी पडद्यावर एक आलेख लावला. “हे ताईंचंच घर. ऊन असो, थंडी असो, यांनी वर्षभर खिडकी उघडी ठेवली. आपण सांगितलं होतं अगदी तशी. एका रात्रीचा खाडा नाही. इतक्या चोख नोंदी मला आजवर कुठल्या घरातून मिळाल्या नाहीत. अशा माणसांना नुसतं सहभागी म्हणायचं? मी तर सहसंशोधक म्हणेन.”

टाळ्या पडल्या. पार्लरवाली लाजली, आणि लाजता लाजता तिची नजर आलेखावर गेली. रेघ बिचारी सरळ चालत यायची आणि मध्येच एकदम वर उडी मारायची. तिथं ती लाल केली होती. पुन्हा सरळ, पुन्हा लाल.

“हे लाल काय आहे?”

“पहाट. तुमच्या घरामागच्या कारखान्याची भट्टी पेटते ना, तेव्हा घरात येणारी हवा. फारच वाईट असते ती.”

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“पहिल्या महिन्यातच अंदाज आला होता,” प्राध्यापकबाई उत्साहानं म्हणाल्या.

त्या खिडकीला लागूनच तिच्या लेकीचा, छकुलीचा पलंग होता. पोरीच्या खोकल्यापायी डॉक्टर बदलून झाले होते, तिचं थंड खाणं बंद झालं होतं, आणि शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून तिचं मांजरही देऊन टाकलं होतं. मांजरासाठी पोर रडून रडून अर्धी झाली होती. पार्लरवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मग सांगितलं का नाही?”

“ताई, सांगितलं असतं तर तुम्ही खिडकी लावली असती.” प्राध्यापकबाईंना यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. “कुणीही लावली असती. मग नोंदी बिघडल्या असत्या. अहवाल पूर्ण होऊ दे, त्याच्याच जोरावर आपण कारखान्याला जाब विचारू.”

“माझी पोर सहा वर्षांची आहे. आडवं होता येत नाही म्हणून बसून झोपते ती. ती घाण तिच्या छातीत जात होती आणि तुम्ही मोजत बसला होतात.”

“मी तुमच्या भावना समजू शकते.”

“नाही समजू शकत.” तिनं आवाज चढवला नाही. “समजत असत्या तर कुणीतरी येऊन कानात सांगितलं असतं. डबी तपासायला तुमची माणसं येत होती ना? माझ्या हातचा चहा पिऊन जात होती. त्या पलंगावर बसून.”

सल्लागारबाईंनी मार्करला टोपण लावलं, मग काढलं. “म्हणूनच तर शब्दांची निवड...” असं काहीतरी त्या पुटपुटल्या. पार्लरवालीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाकीचं वाक्य त्यांनी गिळून टाकलं.

शब्दानं कुणी दुखावू नये म्हणून ही माणसं सकाळपासून जिवाचं रान करत होती. तिला तो आलेख टराटरा फाडावासा वाटला, पण तो पडद्यावरचा नुसता उजेड, त्याला फाडणार काय. तिनं पर्समधून फोन काढला आणि घरी लावला. छकुलीपाशी सासरे होते. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू करून तिनं फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

“आप्पा, छकुली काय करतेय?”

“आत्ताच डोळा लागलाय. मघाशी फार खोकली गं.”

“खिडकी लावून घ्या. आत्ताच्या आत्ता.”

म्हातारा समजावणीच्या सुरात म्हणाला, “अगं, त्या मॅडमनी उघडी ठेवायला सांगितलीय ना? मी पोरीला दोन पांघरुणं घातलीत. काल शेजारचा लावायला आला, तर त्यालासुद्धा मी हात लावू दिला नाही. लावली तर त्यांचं सगळं काम वाया जाईल, बाई. एवढी मोठी माणसं, विश्वासानं आपल्यावर सोपवून गेलीत.”