भीतीचं उद्यापन

सलूनमध्ये दाढी करताना वस्तरा लागला, तेव्हापासून यंत्रमाग कामगार देवेशला एचआयव्हीच्या भीतीनं धरलं होतं. दोन वर्षांत सात तपासण्या झाल्या, सातही निगेटिव्ह. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तो तपासणीला नारपोलीहून थेट कल्याणला जायचा, हसत परतायचा आणि आठवडाभरात पुन्हा आरशासमोर जीभ काढून पांढरे डाग शोधत उभा राहायचा. ह्यांची भीती जाईल त्याच दिवशी भात खाईन, असं देवीला बोलून त्याच्या बायकोनं, विनितानं भात सोडला होता.

"अवो, डॉक्टरनं सांगितलं, मशीननं सांगितलं. आता काय देवीनं येऊन सांगायचं?"

"मशीन चुकते गो कधी कधी."

"सात वेळा? तुमचा लूमपण एवढा चुकत न्हाय!"

शेवटी तिचाच धीर सुटला. मंगळवारी तो ड्युटीला जाताच तिनं सातही रिपोर्ट पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, देवीची ओटी भरली आणि कागद खाडीत सोडून आली. मग भात रांधला. दुपारी तो घरी आला तेव्हा दोन पानं वाढलेली होती.

"तुमच्या भीतीचं उद्यापन केलं मी. रिपोर्ट खाडीत सोडले. बसा जेवायला."

देवेशनं कपाट उघडलं. फाईल रिकामी होती.

"सगळे सोडलेस? अगो, मग मला काय झालं न्हाय याला आता पुरावा काय?"

आणि पानावर न बसताच त्यानं कल्याणला जायला चपला चढवल्या.

विनितानं आपल्या पानातला भात पुन्हा पातेल्यात घातला.