टेकाडावरची ओ

कड्याच्या टोकावर उभं राहून धाकलू झोरेनं तोंडाभोवती हात धरले आणि जीव खाऊन हाक घातली. मागे खोपटात सून पहाटेपासून बाळंतपणाला अडली होती. डोली उचलायला वाडीत एकही गडी नव्हता. सगळे खालच्या गावी जत्रेला गेलेले. मोबाइलला इथं रेंज नाही. वरची हाक मधल्या टेकाडावरच्या चंद्रीनं झेलायची आणि खाली पोचवायची, ही जुनी रीत. पण दुसरा घरोबा केला म्हणून चंद्रीला गावकीनं वाळीत टाकलेलं. ती कशाला ओ देईल?

“चंद्रे, सून हातची चालली गं! माणसं बोलाव!”

“आत्ता बोलावते, मामा!” टेकाडावरून लगेच ओ आली, आणि तिचा खणखणीत आवाज दरीत उतरत गेला. धाकलूला भरून आलं.

खाली जत्रेचा ढोल थांबला. ऐकलं होतं त्यांनी. पण ओ आली नाही. चंद्री पुन्हा ओरडली, पार आवाज चिरकेपर्यंत ओरडत राहिली. ढोल पुन्हा वाजू लागला.

चंद्रीच्या हाकेला जो ओ देईल तोही वाळीत, हे देवळात सगळ्यांकडून धाकलूनंच वदवून घेतलं होतं.