डोळ्यांदेखत बिघाड

“हा तर ठणठणीत आहे, मॅडम,” असं म्हणत कॅमेरा कंपनीच्या दुरुस्ती केंद्रातल्या काउंटरवरच्या माणसाने भिंतीचे आणखी दोन फोटो काढले. भिंतीचे! जशी काही भिंत कुठे पळून जाणार होती.

फोटोग्राफर बाईंनी पुन्हा सांगितलं. कॅमेरा चालता चालता मधेच अडकतो. बटण दाबावं तर ढिम्म. मागच्या आठवड्यात शाळेचा अख्खा वर्ग बाकांवर चढवून उभा केला, आणि नेमका तेव्हाच हा रुसून बसला. शाळेने पुढचं काम दुसऱ्याला दिलं. पोटापाण्याला हा एकच कॅमेरा, आणि वॉरंटी आज संपत होती.

“बिघाड आमच्या डोळ्यांसमोर झाला पाहिजे. नियम आहे,” तो जांभई देत म्हणाला. नियम म्हणे! उद्या डॉक्टरनेही म्हणावं, माझ्यासमोर शिंका, मगच तुम्हाला सर्दी.

तेवढ्यात धावपळ उडाली. कंपनीचे मोठे साहेब आले होते. या शहाण्याला उत्तम ग्राहकसेवेचं बक्षीस मिळालं होतं. हो, यालाच! त्याने कोट चढवला, केसांवरून कंगवा फिरवला, चषक हातात घेतला, आणि बघतात तर फोटो काढायला कॅमेराच नाही. कपाटं भरून कॅमेरे, पण सगळे पोट फाडून ठेवलेले. खोक्यांतल्या नव्यांच्या बॅटऱ्या रिकाम्या. कोणीतरी खिशातून फोन काढला, तर साहेब खेकसले, “कॅमेऱ्याच्या कंपनीत फोनवर फोटो? लाज नाही वाटत?”

“मॅडम, तुमचा चालतोय ना? काढा की पटकन,” काउंटरवरचा माणूस लाडीगोडीने म्हणाला.

बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. साहेबांनी पोट आत घेतलं. शहाण्याने बत्तिशी दाखवली. बाईंनी कॅमेरा खाली घेतला.

“अडकला.”

पुन्हा पोट आत, पुन्हा बत्तिशी. पुन्हा अडकला. तिसऱ्यांदाही तेच झाल्यावर साहेबांचा पारा चढला. “कुठल्या कंपनीचं डबडं आहे हे?”

मग त्यांना पट्ट्यावरचं नाव दिसलं, आणि त्यांचे कान लालबुंद झाले. “शी! बाईंना नवा द्या. आत्ताच्या आत्ता!” म्हणत ते तरातरा निघून गेले.

शहाण्याचा फोटो राहिला तो राहिलाच. रडवेल्या तोंडाने त्याने नवा कॅमेरा आणून दिला आणि पावतीवर शिक्का मारला. “इतका बिघडला असेल असं वाटलं नव्हतं हो, मॅडम. पण आता काय, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.”

बाई खोकं काखेत मारून बाहेर पडल्या. पाहिलं कसलं, डोंबल! तिन्ही वेळा त्यांनी बटणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं.