एकमत

शाळेत माझं प्रेझेंटेशन होतं जॉन जे यांच्यावर, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या सरन्यायाधीशांवर. युद्ध टळावं म्हणून ते इंग्लंडला जाऊन तह करून आले, तर त्यांच्याच लोकांनी गावोगावी त्यांचे पुतळे जाळले. मला मात्र टाळ्या मिळाल्या, म्हणून त्याच जोशात मी घरचं युद्ध हातात घेतलं. आईला जपानातच पण दूर सेंदाई शहरात नोकरी मिळालीय, बाबांना इथली त्सुकुबाची लॅब सोडवत नाही, आणि तीन आठवडे दोघं फक्त माझ्यामार्फत बोलतायत.

"अर्धा तास बसा आणि दोघांना पटेल तेवढंच या कागदावर लिहा," मी म्हटलं.

"बसा हो, कौमुदी न्यायमूर्तींचा हुकूम आहे," आई चक्क बाबांशी बोलली. बाबांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. दाराबाहेर मी नाचायचीच काय ती बाकी होते.

अर्ध्या तासाने कागद माझ्या हातात आला. खाली जपानी पद्धतीने सहीऐवजी दोघांच्या नावाचे शिक्के शेजारीशेजारी, आणि वर एकच ओळ.



"आमच्या भांडणात कौमुदीचे हाल नकोत, तिला जूनपासून पुण्याला मामाकडे ठेवावे."